खो-खोच्या संघातल्या मुलीला ‘जरा बाजूला ठेवा’ म्हणतायत. पालकांच्या सभेत काय बोलू?

पळतीची_बाई

तालुक्याच्या गावात मी मुलींचा खो-खोचा सराव घेते. गाव आणि शाळा सांगत नाही. आमच्याकडे कोण कुणाची ते ओळखायला वेळ लागत नाही आणि त्यात एका पोरीचं नुकसान होईल.

संघातली एक मुलगी अकरावीत आहे. संरक्षणाला उतरली की समोरचा संघ घामाघूम होतो. पोल हाताशी आला की शेवटच्या क्षणाला खांदा टाकून अशी वळते, की मागून सूर मारणारी पोरगी रिकाम्या हाताने मातीत जाते. राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम मुलीला जानकी पुरस्कार मिळतो ना, त्या तोडीची पोरगी आहे.

गेल्या आठवड्यात संघातल्याच दुसऱ्या मुलीच्या दप्तरात हिने लिहिलेली चिठ्ठी त्या मुलीच्या आईला सापडली. ‘तू मला आवडतेस’ असं लिहिलं होतं. बाकी वावगं एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी पालक मैदानावर हजर. ‘ही तसली आहे, आमच्या पोरी बिघडवील.’ केस बारीक, अंगाने काटक, म्हणून एका गृहस्थांनी ‘मुलगी तरी आहे का ती, तपासणी करून घ्या’ इथपर्यंत मजल मारली. पोरगी दहा पावलांवर पोलला चुना लावत उभी होती. तिने सगळं ऐकलं.

संस्थेतून निरोप आला, ‘निवड चाचणी होईपर्यंत जरा बाजूला ठेवा, बोभाटा नको.’

बाजूला ठेवणार नाही, हे माझं ठरलेलं आहे. मला दोन गोष्टी विचारायच्यात. तिच्या घरी मी सांगायला हवं का? वडील फार कडक आहेत. कळलं तर मैदान बंद आणि स्थळं बघायला सुरुवात, एवढं मला नक्की दिसतंय. आणि शनिवारी पालकांची सभा आहे, तिथे काय बोलू?

डावा_कोपरा

बाई, घरी सांगू नका. हात जोडून सांगते.

मी विद्यापीठाकडून कबड्डी खेळले. कोपरा सांभाळायचे, घोट्यात पकड बसली की चढाईवाली सुटायची नाही. मलाही मुलीच आवडायच्या. आमच्या सरांनी माझ्या भल्यासाठी म्हणून वडिलांच्या कानावर घातलं. त्याच महिन्यात बूट माळ्यावर गेले आणि पाहुणे बघायला आले. लग्न मी कसंबसं टाळलं, पण कबड्डी परत मिळाली नाही. आज पुण्यात जोडीदारणीबरोबर राहते, नोकरी आहे, सगळं ठीक आहे. तरी टीव्हीवर मुलींचा सामना लागला की मी खोलीतून उठून जाते.

तिने कधी, कुणाला, किती सांगायचं ते तिला ठरवू द्या. तुम्ही तिला एकच सांगा, ‘संघातली तुझी जागा तुझ्या खेळावर आहे.’ हे मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळणं किती मोठी गोष्ट असते, ते मला विचारा. तुम्हाला स्वतःला कुणाशी बोलावंसं वाटलं तर समलिंगी माणसांसाठी पुण्यात समपथिक ट्रस्ट आहे, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतोय. ती अजून लहान आहे, म्हणून आधी तुम्ही बोला.

आणि त्या दुसऱ्या मुलीकडेही लक्ष असू द्या. या सगळ्यात तिला कुणीच काही विचारलेलं दिसत नाही.

पोरीचा_बाप_कोल्हापूर

माझी मुलगी क्रिकेट खेळते. पालकांच्या बाजूने आधी सांगतो. मुलगी स्पर्धेला बाहेरगावी मुक्कामाला जाते तेव्हा आमचा जीव टांगणीला लागलेला असतो. ती भीती खरी आहे, तिला हसू नका. पण ती भीती काढून एका पोरीच्या डोक्यावर ठेवायची, हे मला मान्य नाही.

सभेत त्यांना विचारा, महिला प्रीमियर लीगमध्ये मुंबई इंडियन्सचे सामने बघता ना? २०२३ ची पहिलीच फायनल, ब्रेबॉर्नवर. नॅट सिव्हर-ब्रंटने ५५ चेंडूंत नाबाद ६० काढून मुंबईला जिंकून दिलं. आमच्या गल्लीत फटाके वाजले. तिची बायको कॅथरीन ब्रंट, इंग्लंडची माजी जलदगती गोलंदाज, दोघींचं लग्न २०२२ मध्ये झालं. त्या रात्री समोरच्या दिल्लीच्या संघात मारिझान कॅप होती. तिने २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संघातल्याच डेन व्हॅन निकर्कशी लग्न केलं. लग्न करूनही दोघी एकाच संघात खेळत राहिल्या आणि कुणाची मुलगी बिघडली नाही.

माझी मुलगी मुंबईची जर्सी घालून झोपते. मी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, मला माहितीये. नॅटचा पुल शॉट बघा ना.’

मध्यरेषा

बाई, तुमची तळमळ कळते. पण खेळात हे विषय कशाला आणायचे? मुलींच्या खेळाला आत्ता कुठे बरे दिवस येतायत. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत प्रियांका इंगळेच्या संघाने खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० ने हरवून. आता कुठे लोक पोरींना मैदानावर पाठवायला लागलेत. अशा बोभाट्याने चार पालक पोरी काढून घेतील. एका मुलीसाठी दहा जणींचं नुकसान का?

वकील_साताऱ्याचा

मध्यरेषा, हा विषय बाईंनी किंवा त्या मुलीने मैदानात आणलेला नाही. पालक घेऊन आले. आज एकीला केसांवरून काढलं, तर उद्या शॉर्ट्स घालणारी, परवा मोठ्याने हसणारी. दहा जणींचं नुकसान तिथून सुरू होईल.

बाई, कायद्याचं थोडक्यात. आवडतेस अशी चिठ्ठी लिहिणं हा गुन्हा नाही. सज्ञान व्यक्तींच्या समलिंगी संबंधांवरचा कलम ३७७ चा गुन्ह्याचा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला पुसला. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही, ती लढाई बाकी आहे. कुणी ‘डॉक्टरकडून बरी करून आणा’ म्हणालं तर सांगा, मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असल्या उपचारांविरुद्ध आदेश दिले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं.

१८ च्या आतल्या मुलांना पॉक्सोचं, म्हणजे लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं संरक्षण मुलगा-मुलगी असा भेद न करता आहे. म्हणून मुक्कामाचे नियम लेखी करा आणि सगळ्यांना एकच लावा. एकीसाठी वेगळा नियम नको.

तपासणीची मागणी करणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवा. धावपटू सांथी सौंदरराजनने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्य मिळवलं आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं, देशभर बदनामी झाली ती वेगळीच. धावपटू द्युती चंदला २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनच्या नियमावरून संघातून वगळलं. ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये तो नियम स्थगित करून घेतला. तिनेच २०१९ च्या मे महिन्यात आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं जाहीर केलं, घरातून विरोध झाला आणि जुलैत नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण घेतलं. पुढे डोपिंगमध्ये तिच्यावर बंदी आली, ते कुणी काढलं तर सांगा, तो उत्तेजकांचा प्रश्न आहे, प्रेमाचा नाही.

उजवी_पाटी

मुलांच्या संघातलं सांगतो. मी गे आहे. शाळेत खो-खो खेळायचो. आमच्याकडे सूर चुकला की प्रशिक्षक ‘बायल्या’ म्हणून ओरडायचे आणि सगळा संघ हसायचा. त्या एका शिवीत बायकाही आल्या आणि मीही आलो. मी दहावीनंतर मैदानावर गेलो नाही. बाई, तुमच्यासारखं कुणी तेव्हा असतं तर मी आज निदान रविवारी तरी खेळत असतो.

पळतीची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सभा झाली.

घरी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सभेत कुणाचंही नाव घेऊ दिलं नाही. पहिल्यांदाच सांगितलं, की संघ पळण्याच्या वेळेवरून निवडला जातो, कोण किती मिनिटं पळालं त्याची वही माझ्याकडे आहे, ज्यांना बघायची त्यांनी बघावी. तपासणीवाल्या गृहस्थांना म्हटलं, मैदानावर पुन्हा कुठल्याही मुलीच्या शरीराबद्दल बोललात तर सराव बघायला यायचं नाही. ते उठून गेले. त्यांची मुलगी सोमवारी सरावाला आली.

कोल्हापूरच्या दादांचं ब्रेबॉर्नचं उदाहरण कामी आलं. मागच्या बाकावरची एक आजी म्हणाली, ‘पोरगी चांगली पळते ना? मग पळू दे की.’ चिठ्ठी सापडली त्या मुलीच्या आईची समजूत अजून पटलेली नाही, तिच्याशी बोलणं चालू आहे. त्या मुलीलाही विचारलं. ती म्हणाली, ‘बाई, मला राग नाही आला, फक्त आईने सगळ्यांना का सांगितलं?’

संस्थेला लेखी कळवलंय, की हिला वगळायचं असेल तर कारण कागदावर द्या. अजून कागद आलेला नाही. हिचं नाव चाचणीच्या यादीत गेलं आहे.

वकीलसाहेब, मुक्कामाचे नियम असे लिहिलेत: एका खोलीत किमान चार जणी, खोल्या चिठ्ठ्या टाकून, रात्री दहानंतर फोन माझ्याकडे, शेजारच्या खोलीत एक पालक आई. फोन घेण्याबद्दल मुलींची कुरकुर आहे. काही राहिलं असेल तर सांगा, शुक्रवारी छापायला देते.