चिलखताचे सांधे उन्हात सुटतात त्याबद्दल
भाऊ, कॉस्प्लेसाठी, म्हणजे एखाद्या पात्राचा वेश करायला, बनवलेल्या तुमच्या फोमच्या चिलखताचे सांधे सुटले म्हणताय ना, आमच्या ग्रुपचं सोलापुरात तेच झालं, मे महिन्यात ४२ डिग्रीत गच्चीवर फोटो काढताना खांद्याची पट्टी अलगद उकलून आली. हॉट ग्लू, म्हणजे वितळवून लावतात तो गोंद, उन्हात मऊ पडतो, तो नकोच. चप्पलवाले वापरतात ते पिवळं सोल्युशन दोन्ही कडांना लावा, १० मिनिटं थांबा, बोटाला लागेनासं झालं की मगच दाबा, आणि एकदा धरलं की सरकवता येत नाही म्हणून आधी पेनाने खुणा करून ठेवा. रंगाआधी हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या मशीनने, फोम शेकायचाच, वरची छिद्रं मिटून जराशी चकाकी येते, पहिल्या वेळी मी ते केलं नाही तर सगळा रंग फोमने पिऊन टाकला. मापं मात्र चिलखताच्या आत जे कपडे घालणार ते घालूनच घ्या.