शंकू ओमानकडे, जीएफएस सुरतेकडे: खानदेशानं काय धरून चालायचं?

तापीकाठ (चोपडा)
राम राम मंडळी. अरबी समुद्रात डिप्रेशन, म्हणजे वादळाच्या आधीचा कमी दाबाचा पट्टा, तयार झालंय. हवामान खात्याचा शंकू (केंद्र कुठवर जाऊ शकतं ते दाखवणारा नकाशावरचा पट्टा) वायव्येला, ओमानच्या बाजूला झुकलेला आहे. युरोपियन मॉडेलही तेच म्हणतंय. जीएफएस, म्हणजे अमेरिकन मॉडेल, मात्र चौथ्या दिवशी वळवून दक्षिण गुजरातेत आणतं. इकडे कापूस फुटलाय आणि कांदेबाग केळीचे घड कापणीच्या तोंडावर आहेत. कुणाचं धरायचं? आणि मुंबईच्या रडारवर आपल्याकडचं काही दिसेल का?

मिलिबार (धुळे)
भाऊ, दोन मॉडेलांचं भांडण दिशेचं दिसतंय, पण मुळात ते ताकदीचं आहे. ऑक्टोबरात समुद्रावर खालच्या थरात, ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या (साधारण दीड किलोमीटर) उंचीच्या आसपास, वारा बहुतेक पूर्व-ईशान्येचा. वादळ कमजोर राहिलं तर बुटकं राहतं आणि त्या वाऱ्याबरोबर पश्चिमेला वाहत जातं. जोर धरला की उंच होतं, मग ५०० हेक्टोपास्कलचा (साडेपाच किलोमीटरवरचा) वारा त्याला हाकतो. त्याच वेळी उत्तरेकडून पश्चिमी वाऱ्यांचा द्रोण (कमी दाबाची लांबट खोलगट) खाली उतरला असेल तर ते ईशान्येला वळतं. २००९ चं फयान चक्रीवादळ असंच वळलं आणि ११ नोव्हेंबरला अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आलं.

म्हणून आधी दोन्ही मॉडेलांतला केंद्राचा दाब ताडून पाहा. जीएफएसचा बराच कमी, म्हणजे वादळ जोरदार धरलेलं असेल, तर ते का वळवतंय हे कळलंच. मग २०० (बारा किलोमीटरच्या आसपास) आणि ८५० हेक्टोपास्कलच्या वाऱ्यातला फरक बघा. तो २० नॉटच्या वर गेला की ढगांचा गठ्ठा केंद्रावरून सरकतो. इन्सॅट उपग्रहाच्या दिवसाच्या दृश्य चित्रात खालची भोवरी उघडी पडून ढग एका बाजूला गेलेले दिसले, तर वादळ अशक्त आहे आणि युरोपियनचं पारडं जड. आज केंद्र नीट बांधलेलंच नाही, त्यामुळे मॉडेल सुरुवातीलाच केंद्र ५०-१०० किलोमीटर इकडेतिकडे धरतात. चौथ्या दिवसापर्यंत ती चूक कितीतरी फुगते.

विंडी ॲपवरच्या मार्गाच्या एका रेघेवर तर अजिबात जाऊ नका. समूह-अंदाज (सुरुवात जराजरा बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवलेलं) उघडा: जीएफएसचे ३१ सदस्य, युरोपियनचे ५१. रेघांचे दोन वेगळे झुबके पडले असतील तर सरासरीची रेघ मधून जाते, जिथून एकही सदस्य जात नाही.

ढगवाला (नंदुरबार)
शंकूबद्दल दोन गैरसमज नेहमीचे. एक, शंकू फक्त केंद्राचा असतो, पावसाचा किंवा वाऱ्याचा नाही. दोन, त्याची रुंदी मागच्या काही वर्षांतल्या सरासरी चुकीवरून काढतात. या वादळात मॉडेलं फुटली म्हणून तो रुंद होत नाही. २४ तासांच्या अंदाजात सरासरी चूक पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, ७२ तासांना साधारण दुप्पट. म्हणजे शंकू अरुंद दिसला तरी आज निर्धास्त व्हायचं कारण नाही.

रडारचं विसरा. धुळं-नंदुरबार मुंबईपासून सरळ रेषेत ३०० किलोमीटर, जळगाव त्याहून लांब. अर्ध्या अंशावर सोडलेला किरण ३०० किलोमीटरवर पोचेतो जमिनीपासून आठेक किलोमीटर वर गेलेला असतो. फार तर उंच गडगडाटी ढगाचा माथा दिसेल, खालचा पाऊस नाही.

वेळापत्रक: पहाटे ५:३० ची जीएफएस धाव (मॉडेलचं एक गणित) साधारण १० पर्यंत पूर्ण होते, युरोपियन दुपारी. ताजी जीएफएस आणि आदल्या रात्रीची युरोपियन शेजारी ठेवून "मॉडेल बदललं" म्हणून ओरडणारे दर वेळी सापडतात. एकाच वेळेच्या धावा ताडा. लागोपाठ तीन धावा एकाच बाजूला सरकल्या तरच कल मानायचा.

दाबमापी (भुसावळ)
घरी दाबमापक असेल तर एक सांगतो. आपल्याकडे दाब रोज आपसूकच खाली-वर होतो: सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास चढ, दुपारी आणि पहाटे ४ च्या सुमारास उतार, तीन-चार हेक्टोपास्कलचा. दुपारी काटा उतरला की "वादळ आलं" असा मेसेज फिरवू नका. कालच्या त्याच वेळेशी तुलना करा. २४ तासांत ३-४ ची निव्वळ घट झाली तर लक्ष द्यायचं.

तापीकाठ (चोपडा)
पटलं. मग समजा ते ओमानलाच गेलं, तर आपण सुटलो का? आणि वाऱ्याचं काय?

मिलिबार (धुळे)
सुटलो असं नाही. पश्चिमी द्रोणापुढचा वरच्या थरातला वारा वादळाचे ढग ईशान्येला ओढून आणतो, केंद्र शेकडो किलोमीटर दूर असलं तरी. २०१७ चं ओखी चक्रीवादळ सुरत-डहाणू किनाऱ्याशी पोचेपर्यंत विरून नुसतं कमी दाबाचं क्षेत्र उरलं होतं, तरी डिसेंबरात मुंबईला पाऊस देऊन गेलं. तेव्हा तुम्ही मार्गाची रेघ सोडा आणि आपल्यावरची ७०० हेक्टोपास्कलची (तीन किलोमीटरवरची) आर्द्रता बघा. ती ८० टक्क्यांच्या वर दिवसभर टिकत असेल तर पाऊस धरा. केंद्र कुठंही असो.

कापसाला वादळाचं नाव लागत नाही, एक भिज पुरते. फुटलेली बोंडं आधी वेचा, पण दव उडाल्यावर. खरेदीत ८ टक्के ओलावा मूळ धरतात, १२ च्या वर माल घेत नाहीत. ओला कापूस कोरड्या ढिगात मिसळला की सगळा ढीग गेला.

केळीपट्टा (रावेर)
वाऱ्याचं: वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की केंद्र साधारण डाव्या हाताला. म्हणजे केंद्र नैर्ऋत्येला असताना आपल्याकडे वारा पूर्व-आग्नेयेचा. ते सुरतेकडे येऊन उत्तरेला सरकलं तर वारा दक्षिणेकडून फिरत नैर्ऋत्येला जातो. तोवर वादळ जमिनीवर ढिलं पडलेलं असतं, पण मॉडेल दाखवतं तो सरासरी वेग. झोत त्याच्या दीडपट धरा. ४० दाखवलं तर ६०.

घड पश्चिमेकडे झुकलेली झाडं आधी बांधा, पूर्वेचा वारा त्यांनाच लोटतो. पट्टी घडाच्या दांड्याला नको, खोडाच्या गळ्याला बांधून झुकावाच्या उलट बाजूच्या झाडाच्या बुंध्याला ताणा. बांबूचा टेकू द्यायचा तर झुकलेल्या बाजूनं. आणि ठिबक एक दिवस आधी बंद. माती गच्च ओली असली की खोड मोडत नाही, बुंध्यासकट उपटून येतं.

परवा दुपारी युरोपियनची धाव आली की बांधायला मजूर सांगा. आजच बोलावू नका.