लॅपचा डेटा भरपूर आहे, पण वेळ नेमका कुठे जातोय ते कळत नाही (मदत हवी आहे)

मंडळी, ट्रॅक डेला (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस) जायला लागून हे माझं दुसरं वर्ष, आत्तापर्यंत सहा दिवस झाले. गाडी साधी हॅचबॅक, टायर रोजचेच, फक्त ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल बदललंय. पहिले तीन दिवस वेळबिळ काही मोजली नाही, नंतरच्या तीन वेळा फोनवर रेसक्रोनो (लॅपची वेळ मोजणारं ॲप) लावून गेलो आणि आता साठेक लॅपचा (ट्रॅकच्या फेऱ्यांचा) डेटा पडून आहे आणि त्याचं करायचं काय तेच कळत नाहीये.

माझा बेस्ट लॅप १:२४.६. ॲप म्हणतं की तिन्ही सेक्टरच्या (ॲपवर ट्रॅकचे पाडलेले तुकडे) बेस्ट वेळा जोडल्या तर १:२३.१ होतात. म्हणजे दीड सेकंद! प्रत्येक तुकडा कधी ना कधी मीच तेवढ्यात काढलाय, मग एका लॅपमधे का जमत नाही? आणि ज्या लॅपला वाटतं की आज तोडलं, टायर किंचाळतायत, शेवटच्या क्षणी ब्रेक, तो आत येऊन बघावा तर अर्धा सेकंद हळू निघतो. जो शांत गेला, काही विशेष घडलं नाही असं वाटलं, तोच वेगवान. हे एकदा नाही, तीनदा झालंय.

आधी फोन डॅशबोर्डवर डोळ्यासमोर लावायचो. एकदा मेन स्ट्रेटच्या शेवटी आकडा बघण्याच्या नादात ब्रेक उशिरा दाबला आणि गाडी सरळ बाहेर खडीत गेली. कोणाला काही झालं नाही, पण हात बराच वेळ थरथरत होते. तेव्हापासून स्क्रीन बंद, जे काय बघायचं ते आत आल्यावर.

तर जाणकारांनी सांगावं, फोनच्या जीपीएसवर किती भरवसा ठेवायचा, ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनला देणारं छोटं यंत्र) घेऊन फायदा होईल का, आणि मुख्य म्हणजे एवढ्या ग्राफमधे आधी बघायचं काय?

प्रतिसाद १

स्क्रीन बंद केलीत हे फार बरं केलंत, तसंच चालू ठेवा.

आता फोनचं. बहुतेक फोनचा जीपीएस सेकंदाला एकदाच जागा सांगतो. १४० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ ३९ मीटर जाते, म्हणजे दोन ठिपक्यांमधे अख्खा ब्रेकिंग पॉइंट हरवतो. मधलं अंतर ॲप अंदाजाने जोडून घेतं, पूर्ण लॅपच्या वेळेला ते बऱ्यापैकी चालून जातं, कॉर्नरमधे मात्र नाही. ब्लूटूथवाला वेगळा जीपीएस घ्या, १० हर्ट्झचा (सेकंदाला १० वेळा जागा सांगणारा) असला तर ४ मीटरला एक ठिपका, २५ हर्ट्झचा असला तर दीड मीटरला. तो छताला किंवा काचेजवळ घट्ट बसवा, आकाश दिसलं पाहिजे.

त्या दीड सेकंदाने जीव खाली-वर करून घेऊ नका. साठ लॅपमधून प्रत्येक सेक्टरची सगळ्यात कमी वेळ उचलली की मोजण्यातली जी चूक तुमच्या बाजूने पडली तीच नेमकी उचलली जाते. शिवाय सेक्टरची रेघ कॉर्नरच्या तोंडाशी असेल तर आत जोरात घुसून पहिला सेक्टर मारता येतो आणि त्याची भरपाई दुसऱ्यात करावी लागते, हे दोन्ही बेस्ट एका लॅपमधे येणारच नाहीत. रेघा सरळ पट्ट्यावर जिथे स्पीड जास्त तिथे टाका. जागेत ३ मीटरची चूक असेल तर १४० ला ती ०.०८ सेकंदाची, ५० ला ०.२ च्या वर.

ओबीडीची घाई नको. त्यात स्पीड पूर्ण किलोमीटरमधेच येतो, जितक्या गोष्टी विचाराल तितका तो मंद होतो आणि ब्रेकचं प्रेशर त्याच्या ठरलेल्या यादीतच नाही. थ्रॉटल (इंजिनचा व्हॉल्व्ह किती उघडलाय ते) कळतो, तेवढाच उपयोग. त्यापेक्षा पायाशी एक छोटा कॅमेरा लावा.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याला +१. बघायचं काय ते मी सांगतो. साठ लॅप बाजूला ठेवा, दोनच घ्या, तुमचा बेस्ट आणि तो टायर किंचाळवाला. ग्राफची आडवी रेघ वेळेवर नाही तर अंतरावर लावा, नाहीतर दोन लॅपमधला तोच कॉर्नर एकाखाली एक येत नाही आणि तुलनेला अर्थच राहत नाही. मग डेल्टाची (दोन लॅपमधल्या वेळेच्या फरकाची) रेघ बघा, ती कुठे चढायला लागते ते. चढ कॉर्नरमधे दिसला तर चूक तिथे, पण चढ पुढच्या अख्ख्या स्ट्रेटवर हळूहळू दिसला तर चूक मागच्या कॉर्नरमधून बाहेर पडताना झालीय.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! काल रात्री बसलो. नवा जीपीएस अजून यायचाय, पण एक गोष्ट फोनच्या डेटातही स्वच्छ दिसली. मेन स्ट्रेटनंतरचा लांब उजवा कॉर्नर. किंचाळणाऱ्या लॅपमधे मी ब्रेक उशिरा मारलाय, आत ५-६ किलोमीटर जास्त स्पीडने शिरलोय, पण सगळ्यात कमी स्पीड एपेक्सच्या (गाडी कॉर्नरच्या आतल्या कडेला सगळ्यात जवळ येते ती जागा) पुष्कळ पुढे येतोय, म्हणजे गाडी बाहेर ओढतेय आणि मी वाट बघत बसलोय. शांत लॅपमधे कमी स्पीड एपेक्सच्या आधीच येऊन गेलाय आणि तिथूनच रेघ वर. पुढच्या स्ट्रेटवर डेल्टा सावकाश चढत जाऊन तीन दशांश होतो, आणि मी समजत होतो की माझं स्ट्रेटवर काही चुकूच शकत नाही, तिथे तर फक्त ॲक्सिलरेटर दाबायचा असतो.

अजून एक, स्ट्रेटच्या शेवटी माझ्या ग्राफचं टोक टोकदार नाही, गोल आहे. सगळ्या लॅपमधे. हे काय?

प्रतिसाद २

गोल टोक म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी नुसतीच वाहत गेली. एक ठिपका प्रति सेकंद असला की ॲपही टोक थोडं गोल करतं, त्यामुळे नवा जीपीएस आल्यावर पुन्हा बघा. तरी गोलच दिसलं तर त्याच्या पुढचा उतार बघा. १४० वरून ६० वर येताना ०.६ जीने (गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट जोराने) ब्रेक लावला तर सुमारे १०५ मीटर लागतात, ०.९ ने ७०. हा ३५ मीटरचा फरक फार उशिरा ब्रेक मारून नाही, पहिला दाब पक्का देऊन मिळतो. आधी आहे तिथेच ब्रेक मारा, फक्त दाब वाढवा, मग थोडं थोडं पुढे सरका. ब्रेक पॉइंट आधीच पुढे नेलात तर पुन्हा खडीत जाल.

तुलना एकाच सेशनमधल्या लॅपची करा, टायर गरम झाल्यावरचे तिसरा ते पाचवा, आणि पुढे गाडी आडवी आलेली असेल तो लॅप काढून टाका. आणि जाण्याआधी आयोजकांना विचारा, काही ठिकाणी टायमिंगला परवानगीच नसते.

धागाकर्ता

विचारतो. पुढच्या वेळी फक्त त्याच उजव्या कॉर्नरवर काम करणार, बाकी कुठे काही बदलणार नाही. ग्राफ इथेच टाकतो.