निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य: पक्षी आणि गळ, एकाच दिवशी जमेल का?

इंदिरानगरवाली: डिसेंबरअखेर सासरे मालवणहून येतायत. पाणी दिसलं की त्यांना गरवायला बसायचंच असतं, गरी आणि तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) कायम पिशवीत. लेकीला मात्र रोहित (फ्लेमिंगो) बघायचेत. एका रविवारी दोन्ही होईल का?

खाणगावकर: ताई, होईल, पण गळ गाडीतच ठेवा. अभयारण्यात मासेमारीला बंदी आहे. आणि नियम सोडा, मागच्या हिवाळ्यात काठावर एक शेकाट्या पक्षी बघितला. लाल काडीसारखा पाय, त्याला तंगुसाचे चार-पाच वेढे. दोन पावलं टाकायचा, की पाय अडकून बसायचा. आम्ही जवळ गेलो तर आणखी आत सरकला. काही करता आलं नाही. तेव्हापासून तुटका तंगूस दिसला की मी गुंडाळून खिशात घालतो. बायको धुवायच्या आधी खिसे तपासते ते वेगळंच.

गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्याच्या मागे वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, म्हणून बदकांना इथं चरायला सोपं जातं. 1986 पासून अभयारण्य आहे आणि 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या मनोऱ्यावर उजाडताना पोचा. थापट्या, चक्रवाक, तलवार बदक अशी बदकं दिसतील. मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी खाली उतरला की सगळा थवा एकदम उठतो, तो आवाज ऐकण्यासारखा असतो. रोहित दिसतीलच असं नाही, लेकीला आधीच सांगून ठेवा. त्यापेक्षा जांभळी पाणकोंबडी दाखवा, पायाच्या बोटांत देठ धरून खाते, अगदी आपण ऊस सोलतो तशी. पोरं खूश होतात.

गळवालाकाका: सासऱ्यांची सोय सांगतो. थंडीत सकाळच्या गार पाण्यात मासा तोंड लावत नाही. ऊन चढलं, अकरा-साडेअकरा झाले, की चिलापी हलायला लागते. म्हणजे सकाळ पक्ष्यांची, दुपार त्यांची. अभयारण्याबाहेरचं एखादं गावतळं बघा, पण बऱ्याच तळ्यांचा ठेका दिलेला असतो. ठेकेदाराला विचारल्याशिवाय बसलात तर गळ आणि गप्पा दोन्ही जातील. आमिषाला कणकेचा गोळा, थोडी हळद घालून. खाडीतली कोळंबी इथं शोधू नका म्हणावं. आणि पहिल्या पावसात चढणीचे (अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) मासे धरायला बोलावत असतील कोणी, तर जाऊ नका. त्यांच्या पोटात गाभोळी (अंडी) असते.

इंदिरानगरवाली: सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “हळद कशाक?” बाकी सगळं मान्य. गळ डिकीत राहील.

खाणगावकर: कानटोपी आणायला सांगा त्यांना. मालवणच्या माणसाला निफाडची पहाट झेपत नाही.