आगरात वायरलेस ब्रॉडबँड टिकेल का?

प्रश्न: घर गुहागरात, नारळी-पोफळीच्या आगरात. दर पावसाळ्यात झाप पडून केबल तुटते, मुलीचे ऑनलाइन क्लास बुडतात. आता छपरावर अँटेना लावून नेट देणारे आलेत. घ्यावं का?

प्रतिसाद १: दापोलीत दोन वर्षं वापरतोय, जरूर घ्या. ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींना पाऊस फारसा अडवत नाही, भिजलेल्या झावळ्या अडवतात. टॉवर सरळ दिसायलाच हवा. मी अँटेनाचा पाइप दहा फूट वाढवला तेव्हा कुठे जमलं. खाऱ्या वाऱ्याने क्लॅम्प मात्र वर्षात गंजला, हातात चुरा आला. स्टेनलेसचाच लावा.

प्रतिसाद २: २६ गिगाहर्ट्झ असेल तर पाऊस नडतो. आणि लाइट गेल्यावर टॉवर किती तास चालतो, तेही विचारा.

प्रश्नकर्ती: माळ्यावर चढून पाहिलं. टॉवर दिसतो, पण मध्ये शेजारच्या काकांचा फणस आहे. तो तोडायला नाही सांगणार, पाइपच वाढवते.