सुपरटक : मराठीत काय लिहायचं?

मंडळी, एक शब्द हवाय. प्रो सायकल रेसमधे घाट उतरताना रायडर सीट सोडून पुढे सरकतात, दांडीवर बसतात आणि छाती पार हँडलला लावतात, ते सुपरटक. यूसीआयने (सायकलिंगची जागतिक संघटना) १ एप्रिल २०२१ पासून त्यावर बंदी घातलीय. मी 'उतारावर वाकण्यास मनाई' असं लिहिलं तर चालेल का?

—

नाही हो, वाकायला कुठे मनाई आहे, बूड सीटवर आणि हात हँडलवर ठेवून हवं तेवढं वाका की. नियमात आधार कुठे कुठे घ्यायचा ते दिलंय, पाय पायडलवर, हात हँडलवर, बसायचं सीटवर. त्यामुळे क्रियापद टेकणे किंवा बसणे हवं, वाकणे नको.

—

'दांडीबैठक' कसं वाटतं?

—

तालमीत आल्यासारखं वाटतं :) आणि नुसतं 'दांडीवर बसणे' म्हटलं की डबलसीट आठवते. पण चित्र तेच आहे ना! २०१६ च्या टूर द फ्रान्समधे ब्रिटिश रायडर फ्रूम पेरसूर्द घाटाच्या उतारावर दांडीवर बसून वर पायडलही मारत होता, ती स्टेज जिंकला आणि पिवळी जर्सीही (एकूण वेळेत पहिला असतो त्याची) मिळाली, त्यानंतर सगळे तसं करायला लागले. तसा स्लोव्हेनियाचा रायडर मोहोरिच त्याच्या आधीपासून करायचा म्हणा. धोका असा की वजन सगळं पुढच्या चाकावर येतं, आणि वळणावर कंबर हलवून सायकल सावरायची सोयच राहात नाही.

—

कोपरं विसरू नका. हँडलवर कोपरापासूनचा हात टेकवून पंजे पुढे सोडायचे, ब्रेक लांब, मधे खड्डा आला की संपलंच, त्यावरही तेव्हाच बंदी आली. टाइम ट्रायलमधे (एकेकट्याने घड्याळाविरुद्धची रेस) मात्र चालतं कारण तिथे त्यासाठी वेगळे बार असतात. म्हणजे सुपरटक हा शब्द अख्ख्या नियमाला पुरत नाही. जुना इटालियन रायडर पांतानी तर सीटच्या मागे बूड नेऊन पोट सीटवर ठेवायचा, ते सुपरटक नव्हे पण नियम शब्दशः घेतला तर तेही बसत नाही.

—

मग २०२२ च्या मिलान–सान रेमो या इटलीतल्या रेसमधे मोहोरिचने शेवटच्या पोज्जिओ चढाच्या उतारावर केलं ते?

—

ते नियमात बसतं. त्याने ड्रॉपर पोस्ट लावला होता, माउंटन बाइकला असतो तो, म्हणजे सीटच खाली जाते आणि माणूस सीटवरच राहतो. जिंकला की तो. मला हा प्रकार फारच आवडला, नियम पाळून उतारावर बाकीच्यांना मागे टाकलं.

—

बरं, मग हेडिंग? २०२१ च्या लीएज–बास्तोन्य–लीएज या बेल्जियमच्या रेसमधे इक्वेडोरच्या कारापाझला बाद केलं त्याची जुनी बातमी करतोय.

—

'दांडीवर बसला म्हणून कारापाझ बाद'. खाली पहिल्या वाक्यात एकदा सुपरटक टाका, मग परत नको.