मदत हवी आहे: मार्करच्या चित्राचे रंग उडाले, गिऱ्हाईक पैसे परत मागतंय

नमस्कार. मी फोंड्याची. तीन वर्षं ऑर्डरची चित्रं काढून पोट भरते, म्हणजे निम्मं. उरलेलं निम्मं शिकवण्या भरतात. काम एकच, लोकांची जुनी घरं. बल्कांव (दारापुढचा, बसायला कट्टे असलेला ओटा), मंगळुरी कौलं, शिंपल्यांच्या खिडक्या, दारातली तुळस, सगळं ०.०५च्या फाइनलायनरने (अगदी बारीक टोकाच्या पेनने) रेखायचं आणि अल्कोहोल मार्करने रंगवायचं. ए-थ्री कागदावर एका घराला ४० तास लागतात, नुसती कौलंच दोन दिवस खातात. घेते ७,००० रुपये, फ्रेमसकट. तासाला किती सुटतात हा हिशेब मी मुद्दाम करत नाही.

गेल्या दिवाळीत एका कुटुंबाला त्यांच्या बार्देशातल्या घराचं चित्र दिलं. त्यांनी ते पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलं. परवा फोटो आला. कौलं मोजून घ्या, एक रेघ पुसट नाही. पण गुलाबी बोगनवेल पांढरी पडलीय आणि बल्कांवातली जांभळट सावली राखाडी. पावसात बुरशी येईल म्हणून मागे सिलिका जेलच्या पुड्या चिकटवून दिल्या होत्या, आणि घात केला उन्हाने! आता म्हणतात, पैसे परत द्या नाहीतर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी नवीन काढून द्या.

खरं सांगायचं तर मला माहीत होतं. अल्कोहोल मार्करची शाई डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, उजेडात उडते. फाइनलायनरची पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, म्हणून रेघा राहिल्या. ऑर्डर जाईल या भीतीने बोलले नाही.

फुकट करून द्यावं का? आणि त्यांनी तेच चित्र होमस्टेच्या मेनूकार्डावर छापलंय, त्याचे वेगळे पैसे मागता येतात का?

प्रतिसाद १
ताई, ४० तास फुकट अजिबात नको. स्कॅन आहे ना? पिगमेंट शाईत, कापसाच्या कागदावर प्रिंट काढून द्या. मूळ चित्र त्यांनी कपाटात ठेवावं, भिंतीवर प्रिंट. मी आता भाव सांगतानाच दोन्ही मिळून सांगतो. यूव्ही काचेवर (अतिनील किरण अडवणाऱ्या काचेवर) भरवसा ठेवू नका, तिने वेग कमी होतो, थांबत नाही. आणि तुमच्याकडच्या प्रत्येक मार्करचा एक पट्टा कागदावर ओढा, अर्धा काळ्या कागदाने झाका, खिडकीला चिकटवा. तीन महिन्यांनी उघडून बघा. माझे गुलाबी तर बघवेनात. बोगनवेलीसाठी आता पिगमेंटचे मार्कर वापरतो. ब्लेंडिंग तसं मऊ येत नाही, पण राहतं.

प्रतिसाद २
मेनूकार्डाबद्दल: लेखी काही ठरलं होतं का? नसेल तर अवघड आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ बघा. पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. कलाकाराचा नव्हे. पुढच्या वेळी अॅडव्हान्स घेताना व्हॉट्सअॅपवर नको, कागदावर दोन ओळी सह्यांनिशी घ्या: "कॉपीराइट चित्रकाराकडे. घरात लावण्यापुरतं, धंद्यासाठी छापायचं तर वेगळे पैसे."
आणि रंग उडतात हे न सांगणं ही तुमची चूक. रागावू नका, पण आहे.

धागाकर्ती
रागावले नाही. कलम वाचलं, आणि अख्खी दुपार कपाळाला हात लावून बसले. आजवर १९ घरं काढली, एकाचाही कागद नाही. म्हणजे एकाही चित्राचं पोस्टकार्ड मी विचारल्याशिवाय काढू शकत नाही.

त्यांना फोन केला. रंग उडतात हे आधी सांगायला हवं होतं, असं कबूल केलं. प्रिंट माझ्या खर्चाने, चवथीच्या आधी. बाईंनी 'बघू' म्हटलं. नवरा मागून काहीतरी पुटपुटत होता. मेनूकार्डाचा विषय काढलाच नाही. बाकी १८ घरांनाही आज निरोप पाठवतेय, चित्र उन्हातून हलवा म्हणून. पोटात गोळा आलाय.

पणजीत किंवा म्हापशात कापसाच्या कागदावर, पिगमेंट शाईत ए-थ्री प्रिंट नीट काढून देणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. स्कॅन ६०० डीपीआयचा आहे.